हॉल मोकळा दिसायला पाहिजे

डोंबिवली पूर्व
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय क्षिपू,

फोनवर तू म्हणालीस, "ताई, आता बोलू नकोस, लिहून दे. बोलताना तू दरवेळी वेगळं बोलतेस." घे, लिहून देते. लॅबमध्ये दिवसभर बाटल्यांवर पेशंटची नावं लिहिते तेवढंच माझं लिखाण, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी वाचून घे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. उर्वीचा शाळेचा दाखला अजून मिळालेला नाही, कारण शाळेतल्या क्लार्क बाईंची मुलगी बाळंतपणाला आलीय आणि बाई रजेवर आहेत. सलिल आणि वहिनीच्या मृत्यूचे दाखले कपाटात आहेत, त्यांच्या नोटरीच्या प्रती करायच्यात. कोर्टाने मला उर्वीची पालक नेमलं तो कागदही आहे. आणि तिला तू दत्तक घ्यायला माझी हरकत नाही, हे संमतिपत्र टाइप करून आणून पंधरा दिवस झाले. सही राहिलीय. सहीला एक मिनिट लागतं असं तू म्हणशील. लागतं. पण ते मिनिट मिळायला हवं ना? अद्वयची अकरावीची परीक्षा, आनंदची शिफ्ट, माझी कंबर. मी काही मुद्दाम लांबवत नाहीये.

दिवाळीत तू आलीस तेव्हा सुदेशरावांसमोर जे बोललीस ते मी विसरलेले नाही. "ताई, सलिलची मुलगी आपण कपाटामागे वाढवतोय." बोललीस ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. आमचं वन बीएचके. आत आम्ही दोघं, हॉलमधल्या दिवाणावर अद्वय, आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट आडवं लावून, पडदा बांधून उर्वीचा कारभार. घडीची कॉट, टेबल, भिंतीवर चिकटवलेली चित्रं. सहा वर्षांची होती ती इथे आली तेव्हा. शहापूरजवळच्या त्या अपघातानंतर तिला घरी आणलं त्या दिवशी आनंदने एकट्याने ते कपाट ओढलं होतं. आम्हाला तो कोपरा म्हणजे काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. तू पडदा बाजूला करून आत पाहिलंस आणि तुझा चेहरा पडला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की बाहेरून तो कसा दिसतो.

तिथेच तू तिला मागितलंस आणि मी तिथेच हो म्हटलं. मग आता मागे कशाला सरेन?

एक बातमी. आम्ही ठाण्यात घर बघतोय, कोपरीत. अद्वयला पुढे कॉलेजला सोयीचं पडेल आणि मला नौपाड्यातल्या लॅबला पूल ओलांडून चालत जाता येईल. बाकी काही कारण नाही.

शनिवारी व्हिडिओ कॉल आनंदच्या फोनवर कर. उर्वी वाट बघते. मी समोर येणार नाही.

ताई

*

डोंबिवली पूर्व
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

क्षिपू,

पार्सल मिळालं. लोकरीचे हातमोजे घालून उर्वी दोन दिवस जेवली. डोंबिवलीत फेब्रुवारीत हातमोजे! वरणभात खाताना काढायला लावले तर म्हणाली, "सवय करतेय." ते डच चित्रांचं पुस्तक तिने सबंध पाठ केलंय, अर्थ माहीत नसताना. दूधवाल्या भिवाला रोज सकाळी "दांक यू वेल" म्हणते, तुमच्या डचमधलं थँक यू, आणि तो बिचारा "हां बेबी, उद्या पण आणतो" म्हणतो.

तू विचारलंस ती नीट खाते का. खाते, पण डब्याची झाकणं हरवते. दोन महिन्यांत तीन. विचारलं तर चेहरा असा करते की जणू झाकणांनाच पाय फुटले. गृहपाठ झाला म्हणून खोटं बोलते. कच्चे पोहे मुठीने खाते. सगळं सांगते, म्हणजे नंतर तू म्हणायला नको की ताईने लपवलं.

कोपरीतलं एक घर पसंत पडलंय. जुनी सोसायटी, दुसरा मजला, टू बीएचके. खालीच मंगल कार्यालय आहे, त्यामुळे लग्नसराईत कान गेलेच समज, पण खोल्या मोठ्या आहेत. मागच्या खोलीत खिडकीला रुंद कट्टा आहे. उर्वीने त्यावर बसून पाहिलं, पाय पुरतात का, पाठ टेकते का. आनंद लगेच म्हणाला, "ही खोली तुझी." मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. म्हणजे, जाईपर्यंत तिची. नंतर तुम्ही आलात की तुमची.

हे घर विकलं तरच ते घर घेता येईल, हे तुला माहीतच आहे. जगन नावाचा एजंट नेमलाय. तो रोज एक नवीन पार्टी आणतो आणि पार्टी रोज आमचं बाथरूम बघून नाक मुरडते. अद्वयचा क्लास सध्या बंद केलाय. तो स्वतःच म्हणाला, "आई, चिल, यूट्यूबवर सगळं असतं." उर्वी तिथेच बसून कानाने सगळं पित होती.

संमतिपत्रावर सही केली. गुरुवारी कलेक्टर ऑफिसात देऊन आले, पोच आहे माझ्याकडे. आता ते लोक घर बघायला येतील, उर्वीशी बोलतील. ती पाच वर्षांपेक्षा मोठी असल्यामुळे तिची स्वतःची संमती लागते. तिने नाही म्हटलं तर काय, असं मी तिथल्या बाईंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, नाही म्हणाली तर विषय संपला.

सहजच विचारलं, क्षिपू.

ताई

*

डोंबिवली पूर्व
रविवार, ९ मार्च २०२५

क्षिपू,

गुरुवारी कलेक्टर ऑफिसच्या बाई येऊन गेल्या. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तुझ्या कानावर दुसरीकडून काही आलं तर ताळा बसेल.

बुधवारी जगन म्हणाला, "ताई, उद्या चारला पक्की पार्टी येतेय. नवराबायको दोघंही बँकेत आहेत. हॉल मोकळा दिसायला पाहिजे. ते कपाट-पडदा काढा ना जरा. हॉल बघूनच लोकं हो-नाही ठरवतात, आतलं कोण बघतंय." मला पटलं. गुरुवारी सकाळी रजा टाकली. उर्वी शाळेत गेली तशी आनंदने आणि मी कपाट भिंतीला सरकवलं, पडदा काढला, कॉट घडी करून दिवाणाखाली, टेबल शेजारच्या रंगूबाईंच्या पॅसेजमध्ये, वह्या-पुस्तकं बॅगेत घालून माळ्यावर. भिंतीवरची चित्रं काढली तर रंगाचे पोपडे आले. मग खाली काम करणाऱ्या पेंटरला बोलावून तेवढ्या पट्ट्यावर हात मारून घेतला. हॉल काय दिसत होता म्हणून सांगू! मीच दोनदा दारात जाऊन बाहेरच्यासारखी बघून आले.

एकला उर्वी आली. एका पायात बूट, एक हातात, तशीच दारात उभी राहिली. "माझं कुठेय?"

"ठेवलंय गं आत. पाहुणे यायचेत."

"सगळंच?"

"उद्या परत लावू." असं म्हणाले मी. पण मनात होतं की पार्टीने पुन्हा बघायला यायचं म्हटलं तर परत कुठे हलवाहलव, आठवडाभर राहू दे असंच.

तीन वाजता फोन. "मी दक्षता भोईर बोलतेय, बालसंरक्षणवाली. तुमची तारीख पुढच्या आठवड्यात होती, पण मी आज डोंबिवलीतच आलेय. येऊन जाऊ का?" सरकारी माणसाला नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. शिवाय मला वाटलं, बरंच झालं, घर आजच्याइतकं नीट परत कधी असणार? मी शिरा टाकला. उर्वीला दिवाळीचा फ्रॉक घातला. पार्टी पावणेपाचला गेली आणि बाई पाच वाजता आल्या.

पस्तिशीची असेल. इकडचीच, खाडीकडच्या कुठल्याशा गावची. शिरा खाल्ला, छान झालाय म्हणाली. मी उर्वीला शाळेतली कविता म्हणून दाखवायला लावली. तिने अर्धी म्हटली आणि पुढची आठवत नाही म्हणाली. तिला येते, क्षिपू, अख्खी येते. मग बाईंनी हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "उर्वी झोपते कुठे?"

आता सांग, एवढा चकाचक हॉल दाखवल्यावर मी काय सांगायचं होतं? की इथे एक कोपरा होता, तो सकाळी गुंडाळून ठेवलाय? दिवाळीतलं तुझं तोंड माझ्यासमोर आलं. मी म्हटलं, "आमच्याजवळ, आतच झोपते." उर्वीने माझ्याकडे पाहिलं. खोटं पकडल्यासारखं नव्हे. एखादी गोष्ट आता समजली, असं.

मग बाई तिला घेऊन गॅलरीत गेल्या आणि दार ओढून घेतलं. वीस मिनिटं. मी स्वयंपाकघराच्या काचेतून बघत होते. उर्वी बोटांवर काहीतरी मोजून त्यांना सांगत होती. तीन बोटं. मग हात खाली.

पार्टीला घर पसंत आहे.

ताई

*

डोंबिवली पूर्व
रविवार, ६ एप्रिल २०२५

क्षिपू,

अभिनंदन! तू स्वतःहून फोन केलास, तीन महिन्यांनी. "ताई, थँक यू" म्हणून तू रडायला लागलीस आणि मी फोन आनंदच्या हातात दिला. रागावलेय असं समजू नकोस.

दक्षता मॅडमनी मला ठाण्याला बोलावून अहवाल वाचून दाखवला होता. मुलीची संमती आहे. "मला क्षिपूआत्याकडे जायचंय" हे तिचेच शब्द, अवतरणचिन्हात. त्याच्या वरच्या परिच्छेदात लिहिलं होतं की बालिकेची झोपण्याची व अभ्यासाची वेगळी जागा दिसून आली नाही, आणि तिच्या वापरातल्या वस्तू घरात आढळल्या नाहीत. मी म्हटलं, हे काय? मॅडम म्हणाल्या, "ताई, मी पाहिलं तेवढं लिहिलं. तुम्ही स्वतःच म्हणालात की ती आत झोपते." बरोबर आहे. त्यांचं काही चुकलेलं नाही.

पाडव्याला कोपरीच्या घराचं टोकन दिलं. इकडच्या पार्टीने आपलं टोकन दिलं. सगळे आनंदात आहेत. आनंद भविष्यनिर्वाह निधीचे फॉर्म भरतोय आणि गुणगुणतोय.

खोलीला पिवळा रंग दिलास तो फोटो उर्वीने पाहिला. म्हणाली, "छान आहे. मोठी आहे."

आणखी काय लिहू? आज रामनवमी. सुंठवडा केलाय. तिला आवडतो. तुझ्याकडे सुंठ मिळते का?

ताई

*

डोंबिवली पूर्व
रविवार, २७ एप्रिल २०२५

क्षिपू,

हे पत्र बसून वाच. सुदेशराव घरी असताना वाच.

आधी तेच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत तुला आशा लागायला नको. मी संमती मागे घेतली. मंगळवारी ठाण्याला जाऊन लेखी अर्ज दिला. उर्वी तुझ्याकडे येणार नाही.

आता कारण. इतके महिने मी तुला खरं लिहिलेलं नाही. खोटंही नव्हतं फार, पण खरंही नव्हतं.

दिवाळीत मी हो म्हटलं ते तुझ्यावरच्या मायेने, असं तुला वाटतं. बाळासाठीची तुझी अकरा वर्षं मी बघितलीत. शेवटच्या वेळी दवाखान्यातून तू फोन केलास आणि नुसता श्वास घेत राहिलीस, तेही मी विसरलेले नाही. पण मी हो म्हटलं ते त्यामुळे नाही. मी थकले होते, क्षिपू. अद्वयचं वय, माझी कंबर, लॅब, आणि त्यात एक आठ वर्षांची मुलगी, जी शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत प्रश्न विचारते. तू मागितलंस आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? सुटले. तुम्ही विमानतळावर गेलात त्या संध्याकाळी मी भांडी घासता घासता आनंदला म्हणालेसुद्धा, "हिची सोय झाली तर बरंच होईल, मला आता नाही झेपत." हॉलमध्ये पडद्यामागे ती चित्र रंगवत बसली होती. मला वाटलं, नळ चालू आहे, ऐकू जाणार नाही.

तुम्ही गेलात आणि आठवड्याभरात मला उलटं व्हायला लागलं. ती शाळेत गेली की घर खायला उठायचं. संमतिपत्र बाहेर काढलं की तसंच परत कपाटात ठेवायचे. मग मी ते घराचं काढलं. अद्वयचं कॉलेज हे सगळं निमित्त. मला तुला दाखवायचं होतं की बघ, माझ्याकडेही आहे तिच्यासाठी खोली, आता बोल. मनात असं होतं की घर झालं, खोली झाली, की तूच म्हणशील राहू दे. आणि तू नाही म्हणालीस तर उर्वी म्हणेल. ती नाहीच म्हणेल याची मला इतकी खात्री होती की मी तिला एकदाही विचारलं नाही. त्या खात्रीवरच सही ठोकली. माझ्या हातून वाईटपणा नको आणि काम व्हावं, असला हिशेब. लाज वाटते लिहिताना.

ती हो म्हणाली हे ऐकल्यावर तीन आठवडे मी काही बोलले नाही. म्हटलं, तिला पिवळी खोली आवडली असेल. कोणाला नाही आवडणार?

मागच्या रविवारी तिच्या डोक्याला तेल लावत होते. पाठमोरी बसली होती, म्हणून मला विचारता आलं. "उर्वी, तू त्या मॅडमना हो का म्हणालीस गं?"

"तुला तेच पाहिजे होतं ना."

"असं कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस काकाला. दिवाळीत." ती पुढे बोलत होती, गणित सोडवून दाखवावं तितक्या सरळ. "आणि माझं सामान काढलंस. मी विचारलं तर उद्या लावते म्हणालीस आणि लावलंच नाहीस. आणि दादाचा क्लास बंद झाला. काका रात्री फॉर्म भरतो. हे सगळं मला खोली पाहिजे म्हणून ना? मी क्षिपूआत्याकडे गेले तर नवीन घर नको घ्यायला. तू, काका, दादा. तिघांना हे घर पुरतं, मी मोजलंय."

गॅलरीत बोटांवर ती हे मोजत होती.

क्षिपू, मी तिला पुढे वळवलं नाही. माझं तोंड तिला दिसायला नको होतं. तेल सगळं माझ्या मनगटावरून ओघळत होतं. मी म्हटलं, "आणि चौथी कोण? चौघांना नाही पुरत?"

"तूच म्हणालीस, तुला झेपत नाही."

यावर मी काय सांगणार होते? की मी तसं म्हणाले नाही? म्हणाले होते. मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी खरंच झेपत नव्हतं. अद्वय लहान असतानाही कितीदा झेपलेलं नाही, त्याला कोणाला देऊन टाकलं नाही. मी चुकले. घर मी तू राहावीस म्हणून बघत होते आणि ते तुला सांगायचं सोडून सगळ्या गावाला सांगत बसले. मग विचारलं, "मला काय पाहिजे, काकाला, दादाला, क्षिपूआत्याला काय पाहिजे, ते सोड. तुला काय पाहिजे?"

ती फरशीवर ओघळलेलं तेल बोटाने पसरवत राहिली. इतका वेळ की मला वाटलं ती पिवळी खोली म्हणेल, आणि ती म्हणाली असती तर मी तिला पाठवली असती. देवाशपथ पाठवली असती.

ती म्हणाली, "माझं टेबल परत लाव."

त्या दुपारी आम्ही चौघांनी मिळून कपाट ओढलं. अद्वयने माळ्यावरून बॅग काढली. नव्याने रंगवलेल्या पट्ट्यावर तिने चित्रं चिकटवली, आनंद म्हणाला चिकटव, भिंत कुठे कोणाला विकायचीय आता. जगनला फोन केला. तो बिघडला, मग म्हणाला, "ताई, लोकं घर घ्यायला मुलांना सोडून परदेशात जातात, तुम्ही उलटं करताय." कोपरीचं घर सोडलं. खोली वाईट नव्हती. पण ती मी उर्वीसाठी कमी आणि तुला दाखवायला जास्त घेत होते, आणि खोलीचं ओझं त्या पोरीने एकटीने उचललं होतं. अद्वय एक तारखेपासून क्लासला जाईल.

दक्षता मॅडमनी विचारलं, "ताई, तिकडे मुलीला पुष्कळ मिळालं असतं. विचार केलात ना?" म्हटलं, केला. त्या म्हणाल्या, मुलीला पुन्हा एकटीला विचारावं लागेल. विचारलं. शाळेत जाऊन, मी नसताना. ती काय बोलली ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "तुमचा अर्ज पुढे पाठवते."

तुला हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तूच म्हणाली होतीस, लिहून दे. आणि खरं सांगू? तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा काहीतरी वेगळं बोलले असते.

तू वाईट आई झाली असतीस असं माझ्या मनात एकदाही आलेलं नाही. माझ्यापेक्षा बरी झाली असतीस. तुझ्याकडून मी काय घेतलंय ते मला माहीत आहे.

ताई

*

डोंबिवली पूर्व
रविवार, १५ जून २०२५

क्षिपू,

तुझं काहीच आलेलं नाही. यावं असं म्हणायचा मला हक्क नाही.

सुदेशरावांनी आनंदला फोन केला होता. त्यांच्याकडून कळलं की पत्र आलं त्या दिवशी तू कामावर गेली नाहीस, आणि अजूनही संध्याकाळी आलीस की त्या खोलीत जाऊन बसतेस. दिवा लावत नाहीस. सुदेशराव दाराबाहेर बसतात. ते रागावले नव्हते गं. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "तिने मुलीच्या मापाची रेनकोट-बूट सगळी खरेदी करून ठेवलीय, आता ती कोणाला देऊ देत नाही." आनंद फोन ठेवून गॅलरीत गेला तो जेवायलाच आत आला.

मी दोष वाटून घ्यायला बघत होते. तू दिवाळीत तसं बोलली नसतीस तर, जगन त्याच दिवशी पार्टी घेऊन आला नसता तर, मॅडमनी ठरल्या तारखेला भेट दिली असती तर. रोज एकेक नाव घेऊन बघते आणि रोज शेवटी माझ्यापाशीच येते. पहिल्याच दिवशी मी तुला म्हटलं असतं, "थांब, मला विचार करू दे," तर तू भिंती रंगवल्या नसत्यास. मी तुला सहा महिने मुलगी दाखवली आणि मग काढून घेतली. परक्या बाईनेही असं केलं नसतं, आणि मी तुझी सख्खी बहीण.

उद्या शाळा सुरू. उर्वी चौथीत गेली. उंच झालीय, कॉट पुरत नाही, पाय बाहेर येतात. हॉलमध्ये चालायला जागा नाही आणि मी रोज त्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटते. ते तुला सांगावं की नाही, तुला त्याने बरं वाटेल की आणखी वाईट, काही कळत नाही. तरी सांगते.

दर शनिवारी ती आनंदचा फोन घेऊन तयार बसते. केस विंचरून बसते. तासभर वाट बघते, मग फोन चार्जिंगला लावून ठेवते. आधी मी सांगायचे, आत्याला काम असेल. पण तिला आता मी खोटं सांगत नाही, तसं ठरवलंय. काल तिने पुन्हा विचारलं, "क्षिपूआत्या फोन का करत नाही?"

मी म्हटलं, "मी तिला खूप मोठं दुःख दिलं, म्हणून."

"माझ्यामुळे?"

"नाही. माझ्यामुळे. तुझा यात काहीच दोष नाही."

ती म्हणाली, "मग तू तिला सॉरी म्हण ना."

मी म्हटलं, "बाळा, एवढ्या मोठ्या गोष्टीला सॉरी पुरत नाही."

ती म्हणाली, "तरी म्हण."

क्षिपू, मला माफ कर.

ताई